धाप लागण्याआधी

शरीराच्या गरजेइतके रक्त हृदयाला पुढे ढकलता येत नाही, किंवा ढकलता येते पण त्यासाठी हृदयाच्या आतला दाब वाढवावा लागतो, अशी अवस्था म्हणजे हार्ट फेल्युअर. मराठीत तिला ‘हृदय निकामी होणे’ म्हणतात, आणि बोलताना ‘हार्ट फेल झाले’ हे शब्द माणूस अचानक गेला या अर्थाने वापरले जातात. या शब्दांमुळे तीन वेगळे आजार एकात मिसळतात. हार्ट अटॅकमध्ये हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी धमनी तुंबते. कार्डिअ‍ॅक अरेस्टमध्ये हृदयाचे काम एकाएकी थांबते. हार्ट फेल्युअरमध्ये हृदय चालू असते, पण त्याची ताकद महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे, कमी होत जाते.

जिना चढताना धाप लागणे, संध्याकाळी पायांवर सूज येणे, आडवे झाल्यावर दम कोंडल्यामुळे डोक्याखाली दोन-तीन उश्या घ्याव्या लागणे, थोड्या कामाने गळून जाणे ही या आजाराची ठळक लक्षणे. ती दिसू लागली की रुग्ण डॉक्टरांकडे जातो. आजार मात्र त्याच्या कितीतरी आधी सुरू झालेला असतो. त्या आधीच्या काळात हृदयात होणारे बदल माणसाला जाणवत नाहीत आणि स्टेथोस्कोपने पुष्कळदा ऐकूही येत नाहीत. पण प्रतिमेत ते दिसतात. औषधांनी सर्वांत जास्त वाचवता येते तेही याच काळात. म्हणून हृदयाच्या प्रतिमातपासणीला लवकर निदानात मोठे महत्त्व आहे.

लक्षणे नसतानाचा काळ

निरोगी प्रौढ माणसाचे हृदय दिवसात सुमारे १ लाख वेळा आकुंचन पावते आणि विश्रांतीच्या वेळीही मिनिटाला जवळपास ५ लिटर रक्त पुढे ढकलते. फुप्फुसांतून आलेले शुद्ध रक्त डाव्या कर्णिकेत जमते, झडपेतून डाव्या जवनिकेत उतरते आणि तिथून महाधमनीवाटे सर्व शरीराला जाते. शरीरभर रक्त खेळवण्याचा भार डाव्या जवनिकेवर असतो आणि हार्ट फेल्युअरची सुरुवात बहुतेक वेळा तिथेच होते.

तिच्या स्नायूवर ताण येण्याची कारणे परिचयाची आहेत. उच्च रक्तदाबात तिला रोज जास्त दाबाविरुद्ध रक्त ढकलावे लागते. हार्ट अटॅक येऊन गेल्यावर स्नायूचा एक भाग मरतो आणि उरलेल्या भागाला त्याचे काम करावे लागते. जोडीतला एक बैल बसला की सगळा भार दुसऱ्यावर यावा तसे. मधुमेह, लठ्ठपणा, मूत्रपिंडाचे विकार, खराब झालेल्या झडपा, दारूचे अतिसेवन, कॅन्सरवरील काही औषधे, विषाणूंचा संसर्ग, आनुवंशिक दोष यांमुळेही स्नायू कमजोर होतो. काही स्त्रियांमध्ये गरोदरपणाच्या अखेरीस किंवा बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत हृदय एकाएकी कमजोर होते. बाळंतिणीचा थकवा म्हणून त्याकडे दुर्लक्ष होण्याचा धोका असतो.

ताण आला की हृदय लगेच हार मानत नाही. जवनिकेची भिंत जाड होते किंवा पोकळी मोठी होते. ठोके वाढतात. मूत्रपिंडे मीठ आणि पाणी धरून ठेवतात, त्यामुळे रक्ताचे आकारमान वाढते. अ‍ॅड्रिनॅलिनसारखी आणि रक्तवाहिन्या आवळणारी संप्रेरके जास्त प्रमाणात स्रवू लागतात. या भरपाईमुळे माणसाला काही काळ ठीक वाटते. हीच भरपाई लांबली की घातक ठरते: ताणलेल्या पेशी मरतात, त्यांच्या जागी चिवट तंतू साठतात आणि जवनिका निमुळता आकार सोडून चेंडूसारखी गोल होऊ लागते.

अमेरिकेतील हृदयरोगतज्ज्ञांच्या दोन प्रमुख संघटनांनी २००१ मध्ये या वाटचालीचे चार टप्पे ठरवले. पहिल्या, ‘ए’ टप्प्यात रक्तदाब किंवा मधुमेहासारखा धोका असतो, हृदय मात्र ठीक असते. ‘बी’ टप्प्यात हृदयाच्या रचनेत किंवा कामात बिघाड झालेला असतो, पण लक्षणे नसतात. ‘सी’ टप्प्यात लक्षणे येतात. ‘डी’ टप्प्यात आजार नेहमीच्या उपचारांना दाद देत नाही. ‘बी’ टप्प्याला आता ‘हार्ट फेल्युअरपूर्व अवस्था’ असे स्पष्ट नाव मिळाले आहे. हा टप्पा रुग्णाच्या तक्रारीवरून ओळखता येत नाही, कारण तक्रारच नसते. तो शोधण्यासाठी हृदयाकडे पाहावे लागते.

लवकर शोधून काय साधते

लक्षणे नसलेल्या माणसाला औषध देऊन खरोखर फायदा होतो का, या प्रश्नाचे मोठे उत्तर १९९२ मध्ये मिळाले. ‘सॉल्व्ह्ड’ या अभ्यासाच्या एका भागात ४,२२८ लोक होते. त्यांच्या हृदयाची रक्त ढकलण्याची क्षमता बरीच घटलेली होती, पण हार्ट फेल्युअरचे औषध सुरू व्हावे अशी लक्षणे त्यांना नव्हती. निम्म्यांना एनालाप्रिल हे औषध आणि निम्म्यांना औषधासारखी दिसणारी निष्क्रिय गोळी देण्यात आली. तीन वर्षांहून थोड्या अधिक काळात निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांपैकी सुमारे ३० टक्के लोकांना हार्ट फेल्युअर झाले, तर एनालाप्रिल घेणाऱ्यांमध्ये हे प्रमाण सुमारे २१ टक्क्यांवर राहिले.

वेळ किती मोलाची असते हे इटलीतील मिलान येथील एका कर्करोग संस्थेच्या अभ्यासात आणखी ठळकपणे दिसले. डॉक्सोरुबिसिनसारख्या अँथ्रासायक्लिन गटातील औषधांनी अनेकांचे स्तनाचे व रक्ताचे कॅन्सर बरे होतात, पण ती हृदयाच्या स्नायूला इजा करू शकतात. अशी इजा झालेल्या २०१ रुग्णांचा हा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. केमोथेरपी संपल्यापासून दोन महिन्यांच्या आत ज्यांना हृदयाची औषधे सुरू झाली, त्यांच्यापैकी ६४ टक्के रुग्णांचे हृदय पूर्ववत झाले. सहा महिन्यांनंतर उपचार सुरू झालेल्यांपैकी एकाचेही हृदय पूर्णपणे सावरले नाही. इजा एकच, औषधे तीच. निकाल ठरला तो निदानाच्या तारखेवर.

भारतात हा प्रश्न आणखी निकडीचा आहे. २०१३ मध्ये तिरुवनंतपुरम जिल्ह्यात हार्ट फेल्युअरमुळे रुग्णालयात दाखल झालेल्या १,२०५ रुग्णांची नोंद ठेवली गेली. त्यांचे सरासरी वय सुमारे ६१ वर्षे होते. पाश्चात्त्य देशांतल्या अशा नोंदींमध्ये ते सत्तरीच्या पुढे असते. बहुतेकांच्या आजाराचे मूळ हृदयाच्या धमन्यांच्या विकारात होते. पाच वर्षांच्या आत यांतले निम्म्याहून अधिक रुग्ण दगावले.

जहाजबांधणीच्या कारखान्यातून आलेले तंत्र

हृदयाची सर्वाधिक वापरली जाणारी प्रतिमातपासणी म्हणजे इकोकार्डिओग्राफी. रुग्णांच्या भाषेत ‘टू डी इको’ किंवा नुसते ‘इको’. तिचा जन्म स्वीडनमधील लुंड येथे झाला. इंगे एडलर या हृदयरोगतज्ज्ञांना शस्त्रक्रियेपूर्वी हृदयाच्या झडपेची अवस्था जाणून घेण्याचा मार्ग हवा होता. त्यांनी हेलमुट हर्ट्झ या भौतिकशास्त्रज्ञाची मदत घेतली. जहाजबांधणीत धातूच्या जोडांतील भेगा शोधण्यासाठी श्राव्यातीत ध्वनिलहरी वापरल्या जात. मालमो बंदरातील कारखान्यातले तसे यंत्र आणून त्यांनी छातीवर लावून पाहिले. २९ ऑक्टोबर १९५३ रोजी हलत्या हृदयाचे पहिले आलेख त्यांनी टिपले. सुरुवातीला पडद्यावर केवळ हलत्या रेषा दिसत. पुढच्या दोन-अडीच दशकांत हृदयाचा सपाट छेद हलताना दाखवणारी द्विमितीय, म्हणजेच ‘टू डी’, यंत्रे प्रचारात आली.

तपासणीचे तत्त्व सोपे आहे. छातीवर जेल लावून टेकवलेल्या प्रोबमधून माणसाच्या कानांना ऐकू न येणाऱ्या लहरी सोडल्या जातात. शरीरातील मऊ ऊतींत त्या सेकंदाला सुमारे १,५४० मीटर वेगाने जातात आणि स्नायू, झडपा, रक्त यांच्या सीमांवरून परततात. परत यायला किती वेळ लागला यावरून अंतर कळते आणि असंख्य अंतरांतून चित्र तयार होते. सुई नाही, किरणोत्सर्ग नाही, उपाशी राहणे नाही. रुग्ण डाव्या कुशीवर झोपतो, कारण त्यामुळे हृदय छातीच्या भिंतीजवळ येते.

या चित्राला डॉप्लर तत्त्वाची जोड मिळाली आणि इकोचा आवाका एकदम वाढला. जवळ येणाऱ्या आणि दूर जाणाऱ्या वस्तूच्या लहरींची वारंवारता बदलते, हे क्रिस्तियन डॉप्लर यांनी १८४२ मध्ये मांडले होते. धावती आगगाडी शिट्टी वाजवत पुढे निघून जाते तेव्हा शिट्टीचा स्वर उतरतो, तो याच कारणाने. हृदयात वाहणाऱ्या रक्तपेशींवरून परतणाऱ्या लहरींना हेच तत्त्व लावले की रक्ताचा वेग आणि दिशा कळते आणि त्यावरून आतल्या दाबाचाही अंदाज बांधता येतो. पूर्वी यासाठी मांडीच्या किंवा मानेच्या शिरेतून हृदयात नळी घालावी लागे.

‘पंपिंग’चा आकडा

इकोच्या रिपोर्टमध्ये सर्वांचे लक्ष एका आकड्याकडे जाते. तो म्हणजे इजेक्शन फ्रॅक्शन, थोडक्यात ‘ईएफ’. रुग्ण आणि नातेवाईक त्याला ‘पंपिंग’ म्हणतात. जवनिकेत जितके रक्त भरले, त्यातले किती टक्के एका ठोक्यात बाहेर पडले, हे तो सांगतो. १२० मिलिलिटर रक्त भरून त्यातले ७० मिलिलिटर बाहेर गेले तर ईएफ सुमारे ५८ टक्के होतो. निरोगी हृदयही १०० टक्के रक्त बाहेर टाकत नाही. ५० पेक्षा थोडा जास्त ते ७० च्या आसपास ही नेहमीची मर्यादा आहे. त्यामुळे ‘पंपिंग ६० टक्केच आहे’ हे वाचून घाबरण्याचे कारण नसते.

ईएफ ४० टक्के किंवा त्याहून कमी असेल तर तो घटलेला मानतात. ४१ ते ४९ हा मधला पट्टा आहे. हार्ट अटॅक येऊन गेलेल्या किंवा दीर्घकाळ रक्तदाब असलेल्या माणसात धाप लागण्याआधीच हा आकडा घसरलेला सापडू शकतो. इको त्याबरोबर आणखीही सांगते: जवनिकेची पोकळी किती मोठी झाली, भिंत किती जाड झाली, भिंतीचा एखादा भाग इतर भागांपेक्षा कमी हलतो का, झडप गळते किंवा अरुंद झाली आहे का. भिंतीचा एकच भाग मंदावला असेल तर त्या भागाला रक्त देणाऱ्या धमनीवर संशय जातो. सारी भिंत सारखीच मंद असेल तर स्नायूच्याच आजाराचा विचार होतो.

पण या आकड्याला मर्यादा आहेत. दोन तज्ज्ञांनी, किंवा एकाच तज्ज्ञाने दोन दिवशी, केलेल्या मोजमापात ५ ते १० टक्क्यांचा फरक पडू शकतो. म्हणून ५८ वरून ५४ झाले की हृदय बिघडले असे म्हणता येत नाही. डाव्या बाजूची मिट्रल झडप गळत असेल तर काही रक्त उलटे कर्णिकेत जाते. जवनिका रिकामी होताना दिसते, ईएफ चांगला येतो आणि स्नायूचा खरा अशक्तपणा झाकला जातो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हार्ट फेल्युअरच्या जवळपास निम्म्या रुग्णांत ईएफ ५० टक्के किंवा त्याहून अधिकच असतो.

आकुंचन चांगले, सैलावणे वाईट

या निम्म्या रुग्णांचे दुखणे हृदयाच्या भरण्यात असते. जवनिकेला आकुंचन पावता येते, पण सैल होता येत नाही. भिंत जाड आणि कडक झालेली असते. तिच्यात रक्त भरायचे तर कर्णिकेतला दाब वाढवावा लागतो, तो दाब मागे फुप्फुसांपर्यंत पोहोचतो आणि धाप लागते. वय, रक्तदाब, मधुमेह आणि लठ्ठपणा असलेल्यांत, विशेषतः स्त्रियांत, हा प्रकार जास्त आढळतो. नुसता ईएफ पाहिला तर ‘इको नॉर्मल आहे’ असे सांगून रुग्णाला परत पाठवले जाण्याचा धोका असतो.

हा कडकपणा डॉप्लरने पकडता येतो. मिट्रल झडपेतून रक्त किती वेगाने आत शिरते आणि त्याच वेळी झडपेच्या कडेचा स्नायू किती वेगाने वर उचलला जातो, यांची तुलना करतात. स्नायू मंद आणि रक्ताचा वेग जास्त, असे असेल तर आत दाब वाढला आहे असा अर्थ होतो. दुसरा साक्षीदार म्हणजे डावी कर्णिका. आजचा दाब औषधाने उतरू शकतो, पण महिनोन्‌महिने दाब सोसलेली कर्णिका मोठी झालेली असते. शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरमागे ३४ मिलिलिटरपेक्षा जास्त आकारमान असलेली कर्णिका मोठी समजतात. काही जणांत विश्रांतीच्या वेळी सगळे ठीक दिसते आणि चालताना मात्र दाब वाढतो. त्यांची इको सायकलसारखा व्यायाम करवून घेतली जाते.

याच संदर्भात एक शब्द अनेकांची झोप उडवतो. साठीपुढच्या कित्येक रिपोर्टांत ‘ग्रेड वन डायस्टोलिक डिस्फंक्शन’ असे लिहिलेले असते. वयानुसार हृदयाचा सैलपणा थोडा कमी होतोच. कर्णिकेचा आकार आणि दाब ठीक असतील तर हा शेरा हार्ट फेल्युअर सांगत नाही. रक्तदाब, साखर आणि वजन यांच्याकडे लक्ष द्यावे, एवढे मात्र तो सांगतो.

आकड्याआधी उमटणारी खूण

ईएफ घसरण्याआधीच स्नायूचा थकवा दाखवणारे मोजमाप म्हणजे स्ट्रेन. जवनिकेच्या भिंतीत तंतूंचे थर असतात. आतल्या थरातले तंतू लांबीच्या दिशेने जातात, आणि रक्तदाब, अपुरा रक्तपुरवठा किंवा औषधाची इजा यांचा फटका प्रथम त्यांना बसतो. मधल्या थरातले आडवे तंतू त्यांची उणीव काही काळ भरून काढतात, म्हणून ईएफ जागेवर राहतो. इकोच्या चित्रात स्नायूवर बारीक ठिपक्यांची नक्षी दिसते. संगणक या ठिपक्यांचा एका चौकटीतून दुसऱ्या चौकटीत माग काढतो आणि भिंत लांबीत किती टक्के आखूड झाली ते मोजतो. निरोगी हृदयात हे प्रमाण साधारण २० टक्के असते, म्हणजे १० सेंटीमीटरची भिंत आकुंचनाच्या वेळी ८ सेंटीमीटर होते. लांबी कमी होते म्हणून रिपोर्टमध्ये हा आकडा उणे चिन्हाने लिहितात.

कॅन्सरच्या उपचारांत स्ट्रेनचा उपयोग सर्वांत जास्त स्थिरावला आहे. अँथ्रासायक्लिन किंवा ट्रास्टुझुमॅब सुरू करण्याआधी इको करून मूळचा आकडा नोंदवतात आणि उपचारांदरम्यान तो पुन्हा पुन्हा तपासतात. मूळ आकड्याच्या १५ टक्क्यांहून अधिक घट झाली तर ती हृदयाला इजा होत असल्याची सूचना मानतात, मग ईएफ चांगला असला तरी. हृदयाची औषधे सुरू करायची का, कॅन्सरच्या औषधात बदल करायचा का, हे तेव्हा कर्करोगतज्ज्ञ आणि हृदयरोगतज्ज्ञ मिळून ठरवतात. उद्देश हाच की कॅन्सरचा उपचार पूर्ण व्हावा आणि हृदयही वाचावे. अँथ्रासायक्लिन घेतलेल्या २,६२५ रुग्णांच्या २०१५ मधील अभ्यासात हृदयाला इजा झालेल्यांपैकी ९८ टक्के रुग्णांत ती पहिल्याच वर्षात दिसली होती. लक्ष कधी ठेवायचे हे त्यावरून कळते.

एमआरआय: स्नायूच्या आत डोकावणे

इको हृदयाचा आकार आणि हालचाल दाखवते. स्नायू नेमका कशाने भरला आहे, हे एमआरआय अधिक चांगले सांगते. गॅडोलिनियम हे द्रव्य शिरेतून देऊन काही मिनिटांनी प्रतिमा घेतली की निरोगी स्नायूतून ते निघून गेलेले असते आणि व्रण पडलेल्या जागी रेंगाळते. तो भाग चित्रात उजळ दिसतो. उजळ पट्टा भिंतीच्या आतल्या बाजूला असेल तर तो बहुधा हार्ट अटॅकचा व्रण. भिंतीच्या मधोमध किंवा बाहेरच्या बाजूला असेल तर सूज किंवा स्नायूच्या अन्य आजाराचा विचार होतो. आणखी पुढच्या तंत्रांनी डोळ्यांना न दिसणारे, सगळ्या स्नायूत विखुरलेले तंतूही मोजता येतात.

थॅलेसेमियात या तपासणीने रुग्णांचे भवितव्य बदलले. थॅलेसेमिया मेजर असलेल्या मुलांना वारंवार रक्त द्यावे लागते आणि प्रत्येक पिशवीबरोबर शरीरात लोह जाते. ते हृदयात साठते. बराच काळ ईएफ चांगला राहतो आणि मग हृदय अल्पावधीत कोसळते. लोहामुळे एमआरआयचा संकेत लवकर विरतो. ‘टी टू स्टार’ नावाच्या मापात हा काळ २० मिलिसेकंदांपेक्षा जास्त असेल तर हृदयात लोह साठलेले नाही असे मानतात. १० पेक्षा कमी असेल तर धोका मोठा. एका अभ्यासात तपासणीनंतर वर्षभरात हार्ट फेल्युअर झालेल्यांपैकी ९८ टक्के रुग्णांचे माप १० च्या खाली होते. असे माप आले की लोह बाहेर काढणारी औषधे वेळीच वाढवता येतात. महाराष्ट्रात सिंधी, लोहाणा, कच्छी भानुशाली अशा काही समाजांत थॅलेसेमियाच्या वाहकांचे प्रमाण अधिक असल्याने या मापाचे महत्त्व इथे विशेष आहे.

एमआरआय महाग आहे, वेळखाऊ आहे आणि मोठ्या शहरांतच सहज मिळते. जुन्या प्रकारचा पेसमेकर असलेल्यांत ही तपासणी आणि मूत्रपिंडे फारच निकामी झालेल्यांत गॅडोलिनियमचा वापर विचारपूर्वकच करावा लागतो. त्यामुळे ती सर्वांसाठी नसून इकोने उभा केलेला प्रश्न सोडवण्यासाठी आहे.

इतर प्रतिमांची कामेही ठरलेली आहेत. साध्या एक्स-रेत हृदयाची रुंदी छातीच्या रुंदीच्या निम्म्याहून अधिक दिसली तर हृदय मोठे झाल्याचा संशय येतो आणि फुप्फुसांत पाणी साठलेले कळते. पण सुरुवातीच्या आजारात एक्स-रे अगदी नॉर्मल असू शकतो. सीटी अँजिओग्राफीने धमन्यांतील अडथळे दिसतात, म्हणजे कारण सापडते. टेक्नेशियम हे किरणोत्सारी द्रव्य वापरून केलेल्या एका स्कॅनमध्ये अमायलॉइड या प्रथिनाचा एक प्रकार हृदयात साठला असेल तर कळतो. ज्येष्ठांमध्ये जाड भिंतीचे कारण पुष्कळदा रक्तदाब समजले जाते. त्यातल्या काहींत खरे कारण हे प्रथिन असते.

मुलांच्या झडपा

लवकर निदानाचा एक मोठा विषय वृद्धांचा नसून शाळकरी मुलांचा आहे. स्ट्रेप्टोकॉकस जीवाणूमुळे घसा दुखतो, त्यावर नीट उपचार झाले नाहीत तर काही मुलांना संधिवाताचा ताप येतो आणि त्यात हृदयाच्या झडपा खराब होतात. भारतात हा आजार अजून संपलेला नाही. झडपेची इजा वर्षानुवर्षे वाढते आणि ऐन तारुण्यात, स्त्रियांमध्ये अनेकदा पहिल्या गरोदरपणात, हार्ट फेल्युअर म्हणून समोर येते.

२००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कंबोडिया आणि मोझांबिकमधील शाळकरी मुलांची आधी स्टेथोस्कोपने आणि मग इकोने तपासणी झाली. स्टेथोस्कोपने हजारी दोन-तीन मुले सापडली. इकोने कंबोडियात हजारी २१ हून अधिक आणि मोझांबिकमध्ये ३० हून अधिक. या शांत, लक्षणे नसलेल्या इजेवर उपचार केल्याने काही साधते का, याचे उत्तर युगांडातील ८१८ मुलांच्या चाचणीने दिले. दर चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन घेणाऱ्या मुलांपैकी दोन वर्षांत ०.८ टक्के मुलांची झडप आणखी बिघडली. इंजेक्शन न घेणाऱ्यांत हे प्रमाण ८.२ टक्के होते. एका स्वस्त, जुन्या औषधाने हे साधले, कारण ते कोणाला द्यायचे हे इकोने दाखवले.

इको कोणाची करावी

सर्व निरोगी माणसांनी दरवर्षी इको करावी, अशी शिफारस नाही. निरोगी लोकांत बिघाड क्वचित सापडतो, उलट किरकोळ शेऱ्यांमुळे चिंता आणि पुढच्या अनावश्यक तपासण्या वाढतात. तपासणीचा खरा उपयोग धोका असलेल्यांत होतो: हार्ट अटॅक येऊन गेलेले, दीर्घकाळ किंवा आटोक्यात नसलेला रक्तदाब असलेले, ईसीजीत दोष दिसलेले, हृदयाला घातक औषधे घेणारे, हृदयात मर्मर, म्हणजे ठोक्यांखेरीज जादा आवाज, ऐकू येणारे, आणि ज्यांच्या आईवडिलांना किंवा भावंडांना कार्डिओमायोपथी, म्हणजे हृदयाच्या स्नायूचा, अनेकदा आनुवंशिक असलेला आजार, झाला आहे असे लोक. नव्याने धाप, सूज किंवा अकारण थकवा आलेल्यांची इको तर विनाविलंब व्हायला हवी.

धोका असलेल्यांची संख्याही प्रचंड आहे. त्यांतून निवड करण्यासाठी रक्ताची एक चाचणी मदतीला येते. जवनिकेची भिंत ताणली गेली की स्नायू बीएनपी नावाचे संप्रेरक रक्तात सोडतो. १९८८ मध्ये जपानी शास्त्रज्ञांना ते प्रथम डुकराच्या मेंदूत सापडले, म्हणून त्याच्या नावात ‘बी’, म्हणजे ब्रेन किंवा मेंदू, आला. प्रत्यक्षात ते मुख्यतः हृदयात तयार होते. आयर्लंडमधील ‘स्टॉप एचएफ’ या अभ्यासात चाळिशीपुढच्या, धोका असलेल्या १,३७४ जणांपैकी निम्म्यांची बीएनपी तपासली गेली आणि ती वाढलेली असेल त्यांनाच इको आणि तज्ज्ञांचा सल्ला देण्यात आला. सुमारे चार वर्षांत या गटातील ५.३ टक्के जणांत हृदयाचा अशक्तपणा किंवा हार्ट फेल्युअर आढळले, नेहमीचेच उपचार मिळालेल्या गटात ८.७ टक्के जणांत. आधी स्वस्त चाचणी आणि मग मोजक्यांची प्रतिमा, हा क्रम त्यामुळे पटण्याजोगा ठरला.

ईसीजीचाही आता असाच उपयोग होऊ लागला आहे. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये संगणकाला हजारो ईसीजी आणि त्यांच्या जोडीच्या इको दाखवून कमी ईएफ ओळखायला शिकवले गेले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, २२,६४१ रुग्णांच्या चाचणीत ज्या डॉक्टरांना संगणकाचा इशारा मिळत होता त्यांनी २.१ टक्के रुग्णांत कमी ईएफ शोधला; इतरांनी १.६ टक्के रुग्णांत. संगणक निदान करत नाही. इको कोणाची करावी तेवढे सुचवतो.

गावापर्यंत पोहोचताना

इको यंत्र आता मोबाइलला जोडता येईल इतके लहान झाले आहे. पण ही तपासणी यंत्रापेक्षा हातावर जास्त अवलंबून असते. प्रोब थोडा तिरका धरला की जवनिका आखूड दिसते आणि ईएफ चुकतो. लठ्ठ व्यक्तींत किंवा दम्याच्या जुनाट रुग्णांत चित्रच नीट येत नाही. प्रशिक्षित तंत्रज्ञ आणि रिपोर्ट वाचणारे तज्ज्ञ यांची उणीव ही तालुक्याच्या ठिकाणची खरी अडचण आहे. त्यातच गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या १९९४ च्या कायद्यानुसार अशा यंत्रांची नोंदणी करावी लागते आणि हलवता येणाऱ्या यंत्रांच्या वापरावर बंधने आहेत. मुलींचे जीव वाचवण्यासाठी हा कायदा आवश्यकच आहे. हृदयतपासणीची शिबिरे त्याच्या चौकटीत, नोंदणी आणि परवानगी घेऊनच आखावी लागतात.

जिथे इको लगेच मिळत नाही, तिथेही बरेच करता येते. रक्तदाब मोजणे, साखर तपासणे, ईसीजी काढणे, लघवीतील प्रथिने पाहणे आणि शक्य तिथे बीएनपी करणे या पायऱ्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या जवळपासच्या आहेत. त्यांवरून निवडलेल्या रुग्णाला जिल्हा रुग्णालयात इकोसाठी पाठवले तर दूरच्या गावातल्या माणसाची फेरी आणि पैसा दोन्ही कारणी लागतात.

निदानानंतर

‘बी’ टप्पा सापडला की उपचार ठरलेले आहेत. ईएफ ४० टक्के किंवा त्याहून कमी असेल तर एनालाप्रिलच्या गटातील औषध आणि बीटा ब्लॉकर लक्षणे नसतानाही दिले जाते. मधुमेहींमध्ये एसजीएलटी टू रोधक गटातील गोळ्या साखरेबरोबर हृदयालाही सांभाळतात. त्यांतील एम्पाग्लिफ्लोझिनमुळे हृदयविकार असलेल्या मधुमेहींत हार्ट फेल्युअरसाठी रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण ३५ टक्क्यांनी घटल्याचे २०१५ मध्ये दिसले. रक्तदाब आटोक्यात आणणे, मीठ कमी करणे, तंबाखू आणि दारू सोडणे, वजन उतरवणे आणि डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम हे उपचारांचेच भाग आहेत. तुंबलेली धमनी किंवा बिघडलेली झडप हे कारण असेल तर ते दुरुस्त करावे लागते.

उपचारांचा परिणामही प्रतिमेतच दिसतो. औषधे सुरू होऊन काही महिन्यांनी पुन्हा इको करतात. फुगलेली जवनिका आटते, ईएफ वर येतो, काहींचा तर पूर्ण नॉर्मल होतो. असा रिपोर्ट हातात आला की औषधे सोडण्याचा मोह होतो. लंडनमध्ये ५१ रुग्णांवर झालेल्या एका चाचणीने या मोहाची किंमत दाखवली. कार्डिओमायोपथीतून सावरलेल्या, लक्षणे नसलेल्या आणि ईएफ नॉर्मल झालेल्या या रुग्णांपैकी ज्यांची औषधे देखरेखीखाली टप्प्याटप्प्याने थांबवली, त्यांतल्या ४४ टक्के जणांचा आजार सहा महिन्यांत परतला. औषधे चालू ठेवलेल्यांत त्या काळात एकाचाही परतला नाही. सुधारलेली प्रतिमा औषध काम करत असल्याचे सांगते. ते चालू ठेवायचे, आणि पुढची इको कधी करायची ते डॉक्टरांना विचारून ठरवायचे.